पिकलेलं पाणी

जयसिंग भोई तराफ्यावर पालथा पडला आणि त्यानं उजवा हात पाण्यात सोडला. आधी मनगट बुडालं, मग हात सावकाश खाली गेला. तळवा उघडा, आभाळाकडे केलेला. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला, तसा म्हातारा उठून बसला आणि लहान पोरासारखा हसला.

"पिकलं गं! पानी पिकलं!"

कस्तुरा तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला वल्हं धरून बसली होती. तराफा म्हणजे कंपन्यांच्या भंगारातलं जाड थर्माकोल, खालीवर बांबू, आणि सगळं आवळून धरणारी नायलॉनची दोरी. नवराबायकोपैकी एक जण हलला की दुसऱ्यानं तोल सांभाळायचा, हे त्यांना संसारापेक्षा तराफ्यानंच जास्त शिकवलं होतं.

खडकओहळच्या तलावावर मासे धरणाऱ्या भोयांची ही पिढीजात परीक्षा. बुडवलेला तळवा खोलवर दिसत राहिला तर पाणी उपाशी. त्यात माशाला खायला काही नाही. तळवा कोपराच्या आत नाहीसा झाला तर पाण्यात बारीक हिरवं शेवाळ धरलं, पाणी पिकलं. मग वरून दाणा टाकायचं काम नाही, मासा आपोआप अंग धरतो. जयसिंगच्या बापानं हेच केलं, आज्यानंही हेच. हातच्या काकणाला आरसा कशाला? या परीक्षेनं त्या घराला कधी दगा दिला नव्हता, आणि माणूस फसतो तो अशाच ठिकाणी.

"पन रंग बगा की," कस्तुरा म्हणाली. "हिरवं कुटं हाय? कोऱ्या च्यावानी दिसतंय."

"डोंगराचं पानी उतरलंय. रंगाला काय चाटायचंय? तळवा दिसंना झाला, बास."

डोंगराचं पाणी उतरलं होतं हे खरं. पूर्वी त्या डोंगरावर गुरं चरायची, उन्हाळ्यात कोणीतरी वणवा लावायचं, डोंगर वर्षाकाठी बोडका व्हायचा. मग वरच्या माळावर कंपन्या आल्या आणि त्यांनी डोंगराला तारेचं कुंपण घालून हरित पट्टा केला. सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ. फोटो निघाले, पेढे वाटले गेले, आणि झाडंही खरोखर जगली. आता कुंपणाच्या आत गुरं जात नव्हती की काडी पेटत नव्हती. पाला पडायचा, कुजायचा, त्यावर नवा पडायचा. पाऊस आला की तो सगळा काढा ओढ्यानं तलावात. यात कोणाला शिव्या द्याव्यात ते कळत नाही, झाडं लावणाऱ्याला कसा बोल लावणार?

जयसिंगला असल्या विचारांना सवड नव्हती. त्यानं तराफा काठाला लावला आणि ओल्या हातानंच पोराला फोन लावला.

पोरगा गणराज. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कंत्राटी कामगार होता, बायको वर्षालीसोबत म्हाळुंग्यात एका खोलीत राहायचा. तलावावरची बाकीची भोयांची घरं एकेक करून कंपन्यांत गेली होती. कोणी वॉचमन झाला, कोणी फोर्कलिफ्ट चालवू लागला. उरलं होतं फक्त जयसिंगचं घर, आणि आपल्यामागं हे पाणी कोणाचं, हा एकच किडा म्हाताऱ्याचं डोकं पोखरत होता. इकडे गणराजला नव्या वर्षात परमनंट करतो असं सुपरवायझर म्हणाला होता. वर्षालीनं त्या एका शब्दावर देवाला नारळ बोलला होता.

"आबा, खरंच पिकलंय का?" गणराजनं फोनवर विचारलं. मागून मशीनचा धाड धाड आवाज येत होता.

"माज्या हातावर इस्वास हाय का न्हाई तुजा?"

"हाय की."

"मंग ये. एवडं कटला-रोहू कवा वाडलं नसतील आसं वाडत्यात औंदा. दुसऱ्याच्या मशीनम्होरं किती दिस हुबा ऱ्हानार?"

पोरगा आला. दिवाळी उलटली आणि एका टेम्पोत गॅस, पलंग, टीव्ही आणि फुगलेल्या तोंडाची वर्षाली घेऊन आला. कस्तुरानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुनेचं तोंड तिनं पाहिलं होतं, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला स्वतःच्या आनंदापुढे काही दिसत नव्हतं. पोराची पायताणं पुन्हा दारात आली होती.

भोयांच्या त्या घरात एक रीत होती. बापानं काठावर नारळ फोडून आपलं फेकजाळं पोराच्या खांद्यावर टाकायचं. एकदा टाकलं की बापानं पुन्हा जाळं फेकायचं नाही. तराफा हाकावा, जाळी विणावी, काठावर बसून बडबड करावी, पण फेक पोराची. जयसिंगनं जाळं गणराजच्या खांद्यावर ठेवलं तेव्हा त्याच्या खालच्या शिशाच्या गोळ्या खळखळल्या. म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि डोळ्यांत चिलट गेलं म्हणाला.

गणराजचा हात विसरला नव्हता. जाळं असं गोल उघडायचं की बघत राहावं.

पौषात पहिला मोठा माल निघाला. कस्तुरा पाटी घेऊन चाकणला तिच्या नेहमीच्या कोपऱ्यावर बसली, विळी पायाखाली दाबली आणि पहिला कटला हातात घेतला. हातालाच कळलं. मासा लांबीला ठीक होता, डोकं मोठं होतं, पण मागे अंग नव्हतं. पाठ सुरीच्या पात्यासारखी. तिनं पोट फाडलं. एरवी कटल्याच्या आतड्यात हिरवा-काळा ऐवज भरलेला असतो, बोटाला चिकटतो. हे आतडं रिकामं होतं, ओल्या दोऱ्यासारखं. दुसरा फाडला, तिसरा फाडला. तेच.

शालनबाई आली. ती बीडकडची, कारखान्यांतल्या पोरांसाठी खानावळ चालवायची आणि कित्येक वर्षं कस्तुराकडूनच मासा न्यायची. तिनं एक मासा शेपटीला धरून उचलला आणि चारचौघांत हलवला.

"अगं कस्तुरे, ह्याला टायफाइड झाला व्हता का काय? नुस्तं डोस्कंच हाय की! पोरं मला ताटं फेकून मारतील ना."

शेजारच्या बोंबीलवाल्या बाया हसल्या. कस्तुराही हसली, न हसून करते काय? शालनबाई त्या दिवशी पलीकडच्या बर्फातल्या मालाकडे गेली आणि नंतर तिकडचीच झाली. रोज पाटीवरून जाताना ती मान वळवायची, तेवढी लाज तिला होती.

घरी येऊन कस्तुरानं नवऱ्याला सांगितलं. "अवं, आतडी रिकामी हायेत. माशाच्या पोटात काईच न्हाई."

"मी पानी बगतोय, तू आतडी बगतीयास!"

"आडात न्हाई तर पोहऱ्यात कुटनं येनार? पान्यात आसतं तर पोटात आलं नसतं व्हय?"

"बाईमानसानं मासा कापावा. पानी माज्याकडं ऱ्हाऊ दे," जयसिंग फटकन बोलला. गणराज जाळ्याचं भोक शिवत होता. त्यानं मान वर केली, बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पुन्हा सुई चालवली. कस्तुराला आणखी बोलता आलं असतं. पण वाद वाढला की पोराचं मन उठेल, आणि मन उठलं की पलंग पुन्हा टेम्पोत चढेल, या भीतीनं तिनं जीभ आवरली. चुलीकडे तोंड करून भाकरी थापताना तिला रडू येत होतं आणि कशाचं ते धड सांगता येत नव्हतं.

जयसिंगलाही मासे दिसत होते. तो काही आंधळा नव्हता. फक्त त्यानं त्यातून काढायचा तो अर्थ उलटा काढला. पाणी पिकलंय पण कमी पिकलंय, असं त्यानं ठरवलं. म्हणजे खत हवं. भोई तलावाला शेणखत घालतातच. शेण विरघळलं की शेवाळ वाढतं, शेवाळ वाढलं की मासा वाढतो. त्यानं गोठ्यागोठ्यातून शेण गोळा केलं. बापलेक सकाळपासून पाट्या वाहायचे, छातीभर पाण्यात उभे राहून शेण हातानं कालवायचे. वर्षाली तोंडाला पदर बांधून पाट्या भरून द्यायची. तिच्या हातांना भेगा पडल्या, पण तक्रार नाही. नवऱ्यानं नोकरी सोडली ती सोडली. आता मासे तरी होऊ देत, एवढंच तिचं देवाशी बोलणं होतं.

मग उद्धवराव आले. ते कांद्याचे व्यापारी, चाकणच्या बाजारात त्यांचा गाळा, आणि जयसिंगचे जुने दोस्त. सडका कांदा कुठं टाकावा ही त्यांची कायमची डोकेदुखी होती.

"जयसिंगराव, टेम्पोभर कांदा सडलाय. खतच हाय ते. देऊ का लावून ओढ्याला?"

"लावा की राव! खताला कोन न्हाई म्हनंल?"

एक टेम्पो आला, मग आणखी आले. ओढ्याच्या तोंडाशी कांदा कुजला आणि त्याचं पाणी झिरपत तलावात उतरत राहिलं. जयसिंग आठवड्याला हात बुडवायचा. तळवा आता मनगट बुडलं न बुडलं तोच गडप व्हायचा. तो काठावर येऊन गणराजच्या पाठीवर थाप मारायचा.

"बग, कसं दाट झालंय! आता बग मज्जा."

गणराज वाकून बघायचा. त्याला पाणी दाट दिसत नव्हतं, काळं दिसत होतं. पण बापाच्या हातावर विश्वास आहे असं तो एकदा बोलून बसला होता, आणि बोललेलं मोडणारा तो पोरगा नव्हता.

वैशाखात आभाळ भरून आलं. पडेना आणि हटेना. वारा असा मेलेला की निलगिरीचं पान हलत नव्हतं. तसेच काही दिवस गेले. मग एका पहाटे फटफटायच्या सुमाराला वर्षाली पाण्याला गेली आणि कळशी टाकून ओरडत आली.

"आत्याबाई! मासं... मासं वर आल्यात!"

सगळे धावले. तलावभर तोंडं. मोठाले कटले पाण्याबाहेर ओठ काढून हवा गिळत होते, पॉक पॉक असा आवाज सगळीकडून येत होता. जयसिंगनं आयुष्यात एवढे मासे एका वेळी पाहिले नव्हते. क्षणभर, देव जाणे, त्याच्या तोंडावर हसू आलं. मग त्याला समजलं आणि तो अंगरख्यासकट पाण्यात शिरला.

"पानी हानाऽ! वारं घाला पान्याला! गुदमारल्यात!"

गणराजनं वल्ह्यानं पाणी झोडपायला सुरुवात केली. जयसिंग दोन्ही हातांनी पाणी उडवत होता. कस्तुरा आणि वर्षाली कंबरभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या आणि डोक्यावरून ओतायच्या, पुन्हा भरायच्या, पुन्हा ओतायच्या. कस्तुराचे खांदे भरून आले, पदर कुठं गेला ते कळलं नाही, नाकातोंडात ते कांद्याच्या वासाचं पाणी गेलं. मासे तिच्या पोटऱ्यांना येऊन धडकत होते, अंगाला घासत होते, माणसाजवळ काही मिळेल या आशेनं आल्यासारखे. त्यांना काय माहीत. ज्यांना अंग धरता आलं नव्हतं ते आता तिच्या पायांशी मरत होते आणि ती घागरी ओतत होती.

आधी मोठे उलटले. पांढरी पोटं एकेक करून वर आली. गणराज झोडपत राहिला. सूर्य वर आला तेव्हा सगळा तलाव पांढरा झाला होता आणि जिवंत होती फक्त मरळ, जी वर येऊन हवा पिते आणि कशातही जगते. गणराजच्या तळहातांची सालटं निघाली होती. कस्तुरानं जाऊन त्याच्या हातातलं वल्हं धरलं.

"बास कर रं माज्या सोन्या. बास."

त्यानं वल्हं सोडलं, पण हात तसेच हलत राहिले.

गावातली माणसं पिशव्या घेऊन आली. कोणी विचारलं, "ताजंच मेल्यात न्हवं?" आणि निवडून निवडून मासे पिशवीत भरू लागला. जयसिंग काठावर गुडघ्यांत मान घालून बसला होता. आपल्या तलावातला मासा लोक त्याच्यासमोर फुकट नेत होते आणि त्याला हूं करायची ताकद नव्हती. उद्धवराव लांब रस्त्यावर गाडी थांबवून बघून गेले, खाली उतरले नाहीत.

इतक्या दिवसांनी ढग फाटले, उन्हं डोक्यावर आली, तशी मत्स्य खात्यातून मिनल नावाची एक मुलगी आली. लेकीच्या वयाची, पँट वर दुमडून चिखलात उतरली. दोरीला बांधलेली एक पांढरी-काळी थाळी तिनं पाण्यात सोडली. थाळी हां हां म्हणता दिसेनाशी झाली.

जयसिंग एकदम उठला. "ह्येच! ह्येच तर मी बगतो बाई. हात न्हाई दिसला की पानी पिकलं. माजा बाप बगायचा, आजा बगायचा. हात दिसत न्हवता बगा!"

मिनलनं काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि उन्हात धरलं. त्यात गढूळपणा नव्हता, एक कण तरंगत नव्हता. गाळलेला कोरा चहा असावा तसं नितळ तांबूस.

"काका, पिकलेलं पाणी असं धरलं की त्यात हिरवं दिसतं. यात शेवाळ नाही. पाला कुजून त्याचा रंग उतरलाय, तो पाण्यात विरघळलाय. तुमचा हात रंगामुळं दिसत नव्हता."

"मंग खत? खत तर किती घातलं..."

"खत भरपूर आहे, काका. पाल्यातूनही आलं, शेणातूनही आलं. पण हा रंग ऊन वरच्यावर अडवतो, खाली जाऊच देत नाही. उन्हाशिवाय शेवाळ कसं धरणार? म्हणून माशाला खायला नव्हतं. आणि ते सगळं कुजायला हवा लागते, ती पाण्यातूनच ओढली गेली. त्यात हे ढगाळ दिवस."

ती हळू आवाजात बोलत होती. तिलाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. जयसिंगनं ग्लास तिच्या हातातून घेतला. उन्हाकडे धरून तो किती वेळ बघत राहिला.

"म्हंजी आमी अंधारात जेवान वाडलं," तो म्हणाला.

ग्रामपंचायतीचा जेसीबी आला, काठाला चर खणला आणि मासे पुरले. वास मात्र राहिला. जेवताना, झोपताना, अंघोळ करून आल्यावरही. जयसिंग तलावाकडे पाठ करून ओट्यावर बसू लागला. कस्तुरा वाढायला वाकली की तो मान फिरवायचा. आतड्यांवरून झालेलं बोलणं दोघांत तसंच पडून होतं. त्यानं उचललं नाही, तिनंही.

गणराजनं जाळं धुतलं, वाळवलं आणि घडी करून बापासमोर ठेवलं.

"घरात ठिव," जयसिंग म्हणाला. "मी दिल्यालं माघारी घेत न्हाई."

दोन दिवसांनी गणराज जेवताना बोलला. बोलला तो भाताकडे बघत. "आबा, सुपरवायझरचा फोन आलता. म्हनला, तुजी जागा राखून ठेवलीया, तुज्यासारकं कोन चालवत न्हाई मशीन. ये म्हनला."

वर्षालीचा घास हातात थांबला. कस्तुरानं ते पाहिलं. आदल्या रात्री भांडी घासताना सुनेनं तिला रडत सांगितलंच होतं. कुठली जागा आणि कुठलं राखून ठेवणं? गणराजच्या जागी केव्हाच दुसरा उभा राहिला होता, आणि परमनंटही तोच झाला होता. हा आता हिंजवडीला जाऊन कोणाची तरी कॅब रात्रपाळीला चालवणार होता, तीही मिळाली तर.

जयसिंगचा चेहरा मात्र उजळला. किती तरी दिवसांनी त्यानं मान सरळ केली.

"व्हय? राखून ठेवली म्हनं?"

"व्हय आबा."

"बग गं! माज्या पोराची किंमत हाय तिकडं. मंग जा बाबा, जा. येळ नको लावू. म्हंजी तसं काय गेलं न्हाई म्हना आपलं. हायच की जागा."

"न्हाई गेलं आबा. काय बी गेलं न्हाई."

सकाळी पुन्हा तोच टेम्पो आला. पलंग चढला, टीव्ही चढला. जयसिंग ओट्यावरून सूचना देत होता, दोरी अशी बांध, गॅस उभा ठेव. पोरगा पाया पडला तेव्हा त्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कंपनीनं बोलावून नेला माजा पोरगा. सायबाला सांग, बापानं नमस्कार सांगितलाय!" गणराजनं हो म्हटलं. वर्षालीनं कस्तुराला घट्ट मिठी मारली आणि टेम्पोत बसल्यावर पदर तोंडावर ओढला.

टेम्पो वळणाआड गेला. कस्तुरा आत आली, चुलीपाशी बसली. नवऱ्याला काही माहीत नाही, त्याला माहीत होऊ द्यायचं नाही, हे ओझं आता मरेपर्यंत आपण एकटीनं वाहायचं, असं तिनं मनाशी धरलं. इतक्यात जयसिंग दारातून आत आला आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"फोन आला न्हवता," तो म्हणाला.

कस्तुरानं चमकून पाहिलं.

"त्येच्या मोबाईलचं रिचार्ज संपलंय. मासं मेल्यापास्नं बंद हाय. मी लावून बगितलाय किती येळा, झाडाखाली जाऊन. माफी मागायची हुती. समोरासमोर तोंड हुईना म्हनून फोन लावत हुतो."

"मंग त्येला तसं बोलला का न्हाई वं?"

"त्यो माजी लाज राखत हुता, कस्तुरा. माज्यापायी त्येची नोकरी गेली, आन त्यो माजीच लाज राखत हुता. तेवडं एक काम तरी त्येला नीट करू द्यावं म्हनलं. ते बी मी नासवलं आसतं तर?"

एवढं बोलून म्हातारा रडायला लागला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं मुठीत तोंड दाबलं होतं, आणि शेजारी उंबऱ्यावर येऊन विचारत होता, "जयसिंगराव, पोरगं कंपनीत परत लागलं म्हनं?"

कस्तुरानं डोळे पुसले, दार अर्धं ओढून घेतलं आणि बाहेर बघत म्हणाली, "व्हय, भावजी. कंपनीनं बोलावून नेला."